गब्बूचे सहा युनिट

खुशाल खोब्रागडे यांचा कोणा माणसावर विश्वास नव्हता, आणि सव्वीस वर्षं त्यांना त्याचाच पगार मिळत होता. माजरीच्या कोळसा खाणीत ते मॅगझीनवर होते. मॅगझीन म्हणजे खाणीचं बारूद ठेवायचं घर. वस्तीपासून दूर, चहूबाजूंनी मातीचा बांध, त्याबाहेर तारेचं कुंपण आणि दाराला दोन कुलुपं. दोन्हींच्या किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे, म्हणजे एकट्याला दार उघडायची सोय नाही. आत जाणाऱ्याचे खिसे तपासायचे, बाहेर येणाऱ्याचेही तपासायचे, आणि तो साहेब असेल तर जरा जास्तच तपासायचे, असा खुशालभाऊंचा शिरस्ता. सव्वीस वर्षांत एक कांडी इकडची तिकडे झाली नाही. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषणात त्यांच्या या स्वभावाचं कौतुक केलं. बायनाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. हा स्वभाव आता चोवीस तास आपल्या घरी राहायला येणार, हे नवऱ्याच्या गळ्यात हार पडता पडताच त्यांच्या लक्षात आलं. पण सगळे टाळ्या वाजवत होते, म्हणून त्यांनीही वाजवल्या.

खुशालभाऊ त्या दिवशी घरी एकटे आले नाहीत. हातातल्या पिशवीतून त्यांनी गब्बूला आणलं. मॅगझीनमध्ये उंदीर खोकी कुरतडतात म्हणून कोणीतरी तिथे मांजराचं पिल्लू सोडलं होतं, त्याला आठ-नऊ वर्षं झाली. पहारेकरी बदलत राहिले, गब्बू राहिला. दुपारचा डबा ते दोघं मिळून खायचे. सुक्या मासळीचं डोकं गब्बूचं, बाकीचं खुशालभाऊंचं. इतक्या वर्षांत दिवसभर त्यांच्याशी बोलणारं आणि त्यांचं ऐकून घेणारं तिथे दुसरं कोणी नव्हतं. गब्बूचे खिसे तपासावे लागत नव्हते, म्हणूनही असेल, पण त्याच्यावर मात्र खुशालभाऊंचा जीव होता. हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. बायनाबाईंना ते न सांगता माहीत होतं.

मागच्या हिवाळ्यात गब्बू उतरायला लागला. खायचा दुप्पट, पण पाठीचा कणा हाताला लागायचा. सारखा पाणी प्यायचा, सारखा मुतायचा. चंद्रपूरच्या जनावरांच्या डॉक्टर मॅडमनी त्याचं रक्त तपासलं आणि सांगितलं, याला शुगर आहे. शेजारच्या आशाबाईंना हे कळलं तेव्हा त्या भिंतीला टेकून हसल्या. "मांजराले शुगर? मंग आता माह्या कोंबडीचा बीपी पाहा लागते." खुशालभाऊंनी चार दिवस आशाबाईंशी बोलणं टाकलं.

डॉक्टर मॅडमनी दोघांनाही समोर बसवून सगळं समजावलं. रोज दोनदा, बारा तासांच्या अंतराने, जेवणासोबत इन्सुलिन. लाल टोपणाची सिरिंज, मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई आत. कानाच्या कडेला बारीक टोचून थेंबभर रक्त पट्टीवर घ्यायचं, यंत्र आकडा दाखवतं. बाटली फ्रिजमध्ये. डोस वाढवायचा-कमी करायचा तर आधी फोन, मग सुई. आणि कधी मांजर लटपटलं, कोलमडलं, तर समजायचं की साखर फार खाली गेली. तेव्हा वाट पाहायची नाही, गुळाचं नाही तर साखरेचं पाणी बोटाने हिरड्यांना चोळायचं. खुशालभाऊंचं लक्ष सिरिंजवरच्या रेघांवर होतं. शेवटचं बोलणं बायनाबाईंनी ऐकलं.

सुरुवातीला एक युनिट, पंधरा दिवसांनी मॅडमला विचारून दोन. दोनवर गाडी रुळावर आली. आकडे दीडशे-पावणेदोनशेच्या घरात राहू लागले, गब्बूच्या अंगावर मांस धरलं आणि तो पुन्हा कूलरच्या टाकीवर उडी मारून बसायला लागला. सकाळची सुई खुशालभाऊ द्यायचे. संध्याकाळी ते विहारात जात तेव्हा बायनाबाई देत. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "मुक्या जीवाले दिवसातून दोनदा टोचाचं म्हंजे मले काही बरं नाई वाटत." एवढं एक वाक्य. खुशालभाऊंनी ते ऐकलं आणि मनात ठेवून दिलं. मनात ठेवायला त्यांच्याकडे जागा भरपूर होती.

चौदा एप्रिलला भीमजयंती. सकाळी वंदना, मग मिरवणूक, आणि दुपारपासून रात्रीपर्यंत डीजे. तो त्यांच्या घरासमोरच्या चौकात दोन तास उभा होता. भांड्यांवरची ताटं थरथरत होती. गब्बू पलंगाखाली पार कोपऱ्यात जाऊन बसला तो कोणाच्या हाती येईना. घरात खिरीचं पातेलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला बायनाबाई वाटी भरून देत होत्या. संध्याकाळी खुशालभाऊंनी गब्बूला ओढून बाहेर काढलं, कानाचं रक्त पट्टीवर घेतलं, आणि यंत्राने आकडा दाखवला तीनशे अठ्ठावीस.

त्यांनी एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा गब्बूकडे, आणि मग शांतपणे खिरीच्या पातेल्याकडे.

"तू त्याले खीर देल्ली का?"

बायनाबाई म्हणाल्या, नाही दिली. खुशालभाऊंनी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं आणि भांडी घासायला घेतली. एवढं साधं उत्तर. पण मॅगझीनवर सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला साधं उत्तर पचत नाही. ज्याच्या खिशात काही असतं तोच खिशाकडे पाहत नाही, असा त्यांचा अनुभव होता. आणि बायनाबाईंनी खिरीच्या पातेल्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फ्रिज उघडला तर इन्सुलिनची बाटली आडवी होती. त्यांनी ती उभी ठेवली होती, याची त्यांना शंभर टक्के खात्री होती. बायनाबाई म्हणाल्या की कोथिंबीर ठेवताना हात लागला असेल. कोथिंबीर. खुशालभाऊंच्या डोक्यात चक्र फिरायला लागलं. हिला टोचलेलं आवडत नाही, हे हिनेच सांगितलं. संध्याकाळची सुई हिच्या हातात. सुई मांजरात गेली की मोरीत, हे पाहायला कोण होतं? आणि मांजराला गोड खाऊ घालून वर आपल्याकडे निरागस तोंडाने पाहायचं, हे काय बायांना शिकवावं लागतं? विचार करता करता त्यांचा चहा निवून गेला, तरी चक्र थांबलं नाही.

त्या संध्याकाळी खुशालभाऊंनी कारभार हातात घेतला. दोन्ही वेळची सुई आता तेच देणार. गब्बूचं जेवण तेच वाढणार. आणि बाटली फ्रिजमध्ये राहणार नाही, कारण फ्रिज कोणीही उघडतं. मॅगझीनवर ते कागदपत्रं न्यायचे ती पत्र्याची पेटी माळ्यावरून उतरली. बाटली ओल्या गमछ्यात गुंडाळून त्यांनी पेटीत ठेवली, पेटीला कुलूप घातलं, पेटी लाकडी कपाटात ठेवली आणि कपाटालाही कुलूप घातलं. दोन्ही किल्ल्या करदोट्याला बांधल्या.

बायनाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडमनं फ्रिजमधी ठेवाले सांगतलं होतं नं?"

"ओल्या फडक्यात हाय. मी बारूद सांभाळलं सव्वीस वर्षं, मले शिकवू नोको."

"तुमच्या मॅगझीनले दोन किल्ल्या दोन मानसाजवळ राहे," बायनाबाई म्हणाल्या. "इथी दोन्ही तुमच्याजवळच हाय."

हे बोलणं खुशालभाऊंना झोंबलं, म्हणून त्यांनी ते ऐकलं नाही.

एप्रिलच्या शेवटी ऊन चढलं तसा गब्बूचा आकडाही चढला. आधी दोनशे नव्वद, मग साडेतीनशे, मग एक दिवस चारशे दहा. चंद्रपुराकडचा उन्हाळा काय असतो ते तिथे राहिलेल्यालाच कळतं. दुपारी नळाच्या पाण्याने हात पोळतात, आणि बंद कपाटातले कपडे काढले तर इस्त्रीखालून काढल्यासारखे लागतात. पेटीतला गमछा सकाळी ओला केला की दुपारपर्यंत कोमट आणि कुबट होऊन जायचा. खुशालभाऊ रोज तो बदलायचे. कर्तव्यात त्यांनी कधी कसूर केली नाही.

त्यांना दिसत होता तो फक्त आकडा, आणि आकड्यामागे दिसत होती बायनाबाई. औषध आपल्या कुलुपात, सुई आपल्या हातात, जेवण आपण वाढतो. तरीही साखर चढते म्हणजे चोरी दुसऱ्या दारातून होत असणार. त्यांनी दुधाच्या पातेल्यावर पेन्सिलने रेघ मारली. साखरेच्या डब्याच्या झाकणावर एक केस चिकटवून ठेवला. गब्बूच्या बशीभोवती तांदळाचं पीठ पसरलं, म्हणजे पावलं उमटतील. सकाळी पिठावर पावलं होती, पण ती गब्बूची होती. बायनाबाईंनी पीठ झाडून घेतलं. दुपारी ते गब्बूला जवळ घेऊन त्याच्या तोंडाचा वास घ्यायचे. एकदा जेवताना त्यांनी बायनाबाईंचा हात सहज धरल्यासारखा धरला आणि बोटांचा वास घेतला. बायनाबाईंना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्या ताटावरून उठल्या.

त्या दिवसापासून त्यांनी गब्बूला हात लावणं सोडलं. तो त्यांच्या पायांत घुटमळला तर त्या उठून दुसऱ्या खोलीत जात. मांजराला काय कळतं, ते मागे मागे जायचं, दाराशी बसून ओरडायचं. बायनाबाई आत भिंतीकडे तोंड करून बसायच्या. आशाबाईंनी विचारलं तेव्हा त्या इतकंच म्हणाल्या की मांजर त्यांचं आहे, मला काय करायचं. हे सगळं खुशालभाऊ पाहत होते. ज्याच्या मनात काही नाही तो असा दूर कशाला पळेल, असा त्यांनी हिशोब मांडला. तो हिशोब त्यांना चोख वाटला.

डॉक्टर मॅडमना त्यांनी मे महिन्यात एकदाच फोन केला. मॅडम म्हणाल्या, आकडे चांगले नाहीत, घेऊन या, पाहिल्याशिवाय डोस बदलू नका. पण शेहेचाळीसच्या उन्हात एसटीने मांजर नेणं म्हणजे त्याला जिवंत भाजणं, आणि घरातली चोरी डॉक्टरांसमोर कशाला काढायची? ते स्वतःच वाढवायला लागले. दोनचे अडीच, अडीचचे तीन. तीनने काही होईना तेव्हा चार. मग पाच. दर वाढीनंतर ते दोन दिवस थांबायचे, आकडा पाहायचे, दात खायचे आणि पुन्हा वाढवायचे. गब्बू पुन्हा वाळला. कूलरवर चढेनासा झाला. मागचे पाय टेकवत चालायला लागला. खुशालभाऊ त्याला मांडीवर घ्यायचे, कपाळावरून अंगठा फिरवायचे आणि बायनाबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "तुले कोन मारून राह्यलं, मले मालूम हाय."

मेच्या शेवटी ते सहावर पोचले. आकडा तीनशेच्या खाली आला नाही. बाटली संपत आली.

नवी बाटली त्यांनी वरोऱ्याहून आणली. दुकानदाराने ती बर्फाच्या पिशवीत घालून दिली, आणि दुपारच्या बसने खुशालभाऊ ती मांडीवर धरून घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता गब्बूपुढे खाणं ठेवलं. त्याने थोडं खाल्लं, थोडं टाकलं. खुशालभाऊंनी सिरिंज उजेडाकडे धरली, सहाच्या रेघेपर्यंत औषध ओढलं आणि टोचलं. बाटली पेटीत गेली, पेटी कपाटात, किल्ल्या करदोट्याला.

अकराच्या सुमारास ते पडवीत पेपर वाचत बसले होते. म्हणजे पेपर समोर होता. त्यांनी पेपरच्या वरून पाहिलं, बायनाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हातात वाटी होती. इकडे तिकडे न पाहता त्या झपाझप आतल्या खोलीत गेल्या, जिथे गब्बू झोपला होता.

खुशालभाऊंनी पेपर खाली ठेवला. दीड महिना ते या क्षणाची वाट पाहत होते. चपला काढल्या. भिंतीला धरून, आवाज न करता, ते दारापर्यंत गेले. बायनाबाई जमिनीवर बसल्या होत्या. गब्बूचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. त्यांनी वाटीत बोट बुडवलं, आणि ते बोट गब्बूच्या तोंडात घातलं. खोलीत गुळाचा वास येत होता.

खुशालभाऊंनी दोन पावलांत जाऊन मनगट धरलं. वाटी कलंडली.

"सापडली," ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात आनंद होता. हे पुढे कितीतरी दिवस त्यांना आठवणार होतं.

बायनाबाईंनी वर पाहिलं. त्या ओरडल्या नाहीत. "हात सोडा," त्या म्हणाल्या. "मरून राह्यला तो."

खुशालभाऊंनी हात सोडला नाही. त्यांना ते शब्द ऐकू आले, पण दीड महिन्याची तयारी एका वाक्याने मोडत नाही. चोर सापडला की आधी काहीतरी सांगतोच. त्यांनी मनगट आणखी घट्ट धरलं. मग त्यांची नजर खाली गेली. गब्बूचे डोळे उघडे होते आणि कशाकडेच पाहत नव्हते. जबडा आवळला होता. एक पंजा हवेत, पाण्यात पोहल्यासारखा, आपोआप हलत होता.

"त्याले खीर खाऊ घातली असती तर असा झाला असता का?" बायनाबाई म्हणाल्या. "मघा उठाले गेला तं कोलमडला. साखर उतरली हाय त्याची. मॅडमनं सांगतलं होतं. सोडा."

त्यांनी सोडलं. मनगटावर बोटांचे ठसे उठले होते. बायनाबाईंनी सांडलेला गूळ जमिनीवरूनच बोटावर घेतला आणि गब्बूचा ओठ उचलून हिरड्यांना चोळायला लागल्या. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. खुशालभाऊ यंत्र आणायला धावले. आधी कपाटाचं कुलूप काढावं लागलं, मग पेटीचं. पट्ट्याही त्यांनी कुलुपात ठेवल्या होत्या. कानाचा थेंब कसाबसा पट्टीवर आला. आकडा होता एकोणतीस.

सव्वीस वर्षं ज्या माणसाने आकड्यांवर विश्वास ठेवला, त्याला तो एक आकडा पुरला. ज्याच्या पोटात चोरून गोड जातं, त्याची साखर एकोणतीस होत नाही. खुशालभाऊंनी यंत्र खाली ठेवलं. पाऊण तास बायनाबाई चोळत होत्या. आधी पंजा थांबला, मग जबडा सैल झाला, मग गब्बूने जीभ बाहेर काढून स्वतःच बोट चाटलं. थोड्या वेळाने त्याने डोकं उचललं आणि बायनाबाईंकडे पाहून बारीक आवाज काढला. बायनाबाईंनी त्याला छातीशी धरलं, दीड महिन्यात पहिल्यांदा, आणि तेव्हा कुठे त्या रडल्या. खुशालभाऊंना त्यांच्याकडे पाहवेना.

त्यांनी डॉक्टर मॅडमना फोन लावला. कानाला कमी ऐकू येतं म्हणून ते नेहमी स्पीकर लावायचे, सवयीने आत्ताही लावला. मॅडमनी विचारलं, किती युनिट दिलेत? ते म्हणाले, सहा.  मग मॅडम म्हणाल्या, मी तर दोन सांगितले होते. खुशालभाऊंनी सगळे आकडे वाचून दाखवले.  मग त्यांनी विचारलं, बाटली नवीन उघडलीत का? हो, आजच. आणि जुनी कुठे ठेवत होतात?

प्रश्न सरळ होता. खुशालभाऊंनी बायनाबाईंकडे पाहिलं. गब्बूला पदरात गुंडाळून त्या भिंतीला टेकल्या होत्या आणि त्यांच्याकडेच पाहत होत्या. उन्हाने तापलेलं कपाट त्यांच्या बाजूलाच होतं. त्या घटकेला खुशालभाऊंना सगळं समजलं. जुन्या बाटलीत औषध राहिलंच नव्हतं. कुलुपातल्या उष्म्याने ते मारून टाकलं होतं, आणि त्या मेलेल्या औषधाचा डोस ते वाढवत नेत होते. सहापर्यंत. आणि आज तेच सहा जिवंत बाटलीतून.

"फ्रिजमधी," खुशालभाऊ म्हणाले.

बायनाबाईंची नजर हलली नाही.

मॅडम म्हणाल्या, मग एकच शक्यता उरते. घरातलं कोणीतरी त्याला चोरून काहीतरी गोड खाऊ घालत असणार आणि आज ते बंद झालं. घरात नीट विचारा. आज रात्रीची सुई देऊ नका, दर तासाला तपासा, आणि उद्या सकाळपासून चार सुरू करा.

फोन बंद झाला. बायनाबाई उठल्या, गब्बूला हळूच गोधडीवर ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेल्या. 

खुशालभाऊ गब्बूजवळ बसून राहिले. त्यांना आयुष्यात खोटं बोलणाऱ्या माणसांचा मनस्वी तिटकारा. अशांना त्यांनी मॅगझीनच्या दारावरून हात धरून परत पाठवलं होतं. आणि आज स्वतःच्या तोंडून एक शब्द निघाला, तो किती सहज निघाला. पण त्याहून वाईट होता तो चारचा आकडा. त्यांना ठाऊक होतं की गब्बूला दोन पुरतात. मार्चमध्ये दोनवर तो कूलरवर उड्या मारत होता. उद्या सकाळी चार दिले तर दुपारी पुन्हा हाच पंजा हवेत पोहेल. मॅडमचं चुकलं नव्हतं. मॅडमना जे सांगितलं त्यावर त्यांनी डोस सांगितला. आता स्वतःच दोन द्यायचे आणि कोणाला काही कळू द्यायचं नाही, ही वाटही त्यांना दिसली. ती वाट चांगली रुंद होती. पण स्वतःच्या मनाने डोस ठरवून काय झालं, ते समोर गोधडीवर पडलं होतं.

तासाने त्यांनी पुन्हा थेंब घेतला. एकशे बारा. त्यांनी फोन उचलला, स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि तिथे उभं राहून मॅडमना लावला. स्पीकर चालू ठेवला.

"मॅडम, मघाशी मी खोटं बोललो," ते म्हणाले. "बाटली फ्रिजमधी नव्हती. पत्र्याच्या पेटीत, कपाटात, कुलुपात होती. एप्रिलपासून. मीच ठेवली. घरच्यांनी त्याले काही खाऊ नाई घातलं."

मॅडम रागावल्या आणि त्यांनी रागवायलाच हवं होतं. त्या उन्हात ठेवलेल्या औषधाचं पाणीच होतं, त्या म्हणाल्या, आणि मी उद्या चार सांगून बसले होते. चार नाही. उद्या सकाळी आधी साखर पाहा, मला आकडा कळवा, आणि मग दोन. नवी बाटली आत्ताच्या आत्ता फ्रिजमध्ये. मग त्यांनी विचारलं की कुलुपात ठेवायचं मुळात कारण काय होतं. खुशालभाऊंनी जयंतीच्या दिवसाचं सांगितलं, तीनशे अठ्ठावीसचं. मॅडम म्हणाल्या, त्या दिवशी गडबड, आवाज काही होता का? मांजर घाबरलं तरी साखर तेवढी चढते, दुसऱ्या दिवशी आपोआप उतरते. दुसऱ्या दिवशी तपासली होती का?

खुशालभाऊंनी दुसऱ्या दिवशी गब्बूला तपासलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बायनाबाईंना तपासलं होतं.

फोन ठेवून ते दारातच उभे राहिले. बायनाबाई गॅसजवळ बसून वांगी चिरत होत्या. चिरणं थांबलं नव्हतं. डाव्या मनगटावरचे ठसे आता लाल झाले होते.

"डॉक्टरले सांगतलं," बायनाबाई म्हणाल्या. "मले?"

खुशालभाऊंनी त्या ठशांकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुह्यावर शक घेतला. तुह्या बोटाचा वास घेतला. तू त्याले वाचवून राह्यली होती आन् मी हात धरला तुहा. चुकलो मी."

बायनाबाईंनी चिरलेली फोड पाण्यात टाकली. "चौतीस वर्षं झाले लग्नाले," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षात अजून कशाकशावर शक घेतला माह्यावर, तेबी आजच सांगून टाका."

त्यांनी हे रागाने विचारलं होतं. त्यांना वाटलं, नवरा म्हणेल की अजून काही नाही, कशाला असेल. तेवढं ऐकून त्या गॅसकडे वळणार होत्या.

पण खुशालभाऊंनी तसं म्हटलं नाही. काही नाही, असं म्हणणं फार सोपं होतं, आणि आज एक खोटं बोलून झालं होतं. त्यांनी दाराची चौकट धरली आणि हळूहळू खाली बसले. बायनाबाईंचे हात थांबले. नवऱ्याच्या तोंडाकडे पाहता पाहता त्यांना कळत गेलं की यादी आहे, आणि ती लहान नाही.

"सत्त्याण्णव साली," खुशालभाऊ म्हणाले, "तुह्या भावाच्या लग्नात."

बायनाबाईंनी गॅस बंद केला, चाकू बाजूला ठेवला आणि पाट ओढून त्यांच्यासमोर बसल्या.